ग्रँड आयलंडची पहिली डाइव्ह: बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यानंतर

गोव्याला येणाऱ्या बहुतेकांची स्कूबाशी ओळख होते ती किनाऱ्यावरच्या एखाद्या फलकावरून. ग्रँड आयलंड या बेटापर्यंत बोटीची फेरी, डॉल्फिन, गळ टाकून मासेमारी, जेवण, बिअर आणि सोबत स्कूबा, सगळं मिळून माणशी हजार-दीड हजार. त्या पैशांत तुम्ही पाण्याखाली जाता, फोटोही येतो. पण खाली श्वास कसा घ्यायचा, कान दुखला तर काय करायचं, हे धडपणे कोणी सांगत नाही. सिलिंडर मागून धरलेला असतो, माणूस तीन-चार मीटर खाली नेला जातो आणि पाच-सात मिनिटांत वर येतो. "केलं एकदा, विशेष काही नाही," असं म्हणणारे बरेच लोक मला भेटतात, आणि त्यातले जवळपास सगळे याच वाटेने गेलेले असतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

स्कूबासाठी अख्खा दिवस हाताशी ठेवावा. सकाळी निघायचं, बोटीवर नीट शिकायचं, पाण्याखाली अर्धा तास निवांत घालवायचा आणि दुपारी परत यायचं. या दिवसात जिथे जिथे घाई शिरते तिथे तिथे अडचण उभी राहते. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं वेळ काढून करण्याबद्दल आहे.

आधी तब्येत

कुठलंही चांगलं डाइव्ह सेंटर पाण्यात नेण्याआधी एक वैद्यकीय फॉर्म भरून घेतं. दमा, फिट्स, हृदयविकार, स्टेंट किंवा बायपास, कानाचं ऑपरेशन, पडद्याला छिद्र, फुप्फुसाचा जुना आजार, इन्सुलिन, अलीकडची शस्त्रक्रिया असे प्रश्न त्यात असतात. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आणखी काही विचारतात. एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि ते गोव्यात आल्यावर मिळवायला धावाधाव होते. घरून निघण्याआधीच सेंटरकडून फॉर्म मागवून घ्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. फॉर्म हातात पडल्यावर वरपासून खालपर्यंत "नाही, नाही, नाही" करत सही ठोकणारे मी पाहतो तेव्हा काळजी वाटते. तो फॉर्म कंपनीला वाचवण्यासाठी असतो असा आपला समज आहे. पण दमेकऱ्याच्या फुप्फुसात अडकलेली हवा वर येताना फुगते आणि इजा करते, ती कुणाच्या सहीने थांबत नाही.

गरोदर बाईने डाइव्ह करू नये, यात "थोडंसंच" वगैरे काही नाही. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण गोळीचा असर पाण्याखाली ओसरला की वर येताना सायनसमध्ये किंवा कानात हवा कोंडते आणि ते दुखणं फार वाईट असतं.

मुलांना दहाव्या वर्षापासून नेता येतं. पोहता येत नसलं तरी पहिल्या अनुभवाची डाइव्ह करता येते, तसा नियम आहे. माझं मत थोडं कडक आहे: निदान पाण्यावर पाठीवर तरंगता आलं पाहिजे. गावातल्या तरणतलावात आठ-पंधरा दिवस गेलात, डोकं पाण्याखाली घालायची भीती मोडलीत, तर गोव्यातला दिवस पार वेगळा जातो. ज्याला नाकातोंडात पाणी जाण्याचीच धास्ती आहे त्याचं सगळं लक्ष तिकडे राहतं, मासे दिसतच नाहीत.

केव्हा यायचं

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, डाइव्हच्या बोटीही किनाऱ्याला. ऑक्टोबरात हंगाम उघडतो खरा, पण मांडवी आणि झुआरी यांनी पावसाळाभर आणून ओतलेला गाळ तेव्हा अजून पाण्यात असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वात आवडतो. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो, तेव्हा सकाळची पहिली बोट धरावी.

एक गोष्ट पर्यटकांना कोणी सांगत नाही आणि कोळ्यांना ती पाठ असते: भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस, पाहून यावं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाण्याची ये-जा जोरात होते, तळचा गाळ उठतो. अष्टमी ते दशमीच्या आसपास, कोणत्याही पक्षात, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि पाणी त्या मानाने निवळतं. घरातल्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. तारखा ठरवायची मोकळीक असेल तर ती बघून ठरवा.

पाणी किती स्वच्छ असेल याबद्दल आधीच खरं सांगतो. ग्रँड आयलंडजवळ तीन ते आठ मीटरपर्यंतचं दिसतं, एखाद्या चांगल्या दिवशी त्याहून थोडं जास्त. अंदमान-लक्षद्वीपचे निळेशार व्हिडिओ पाहून आलात तर हिरवट पाणी बघून हिरमोड होईल. पण हेच पाणी जीवनाने भरलेलं आहे. दोन नद्या जे आणतात त्यावरच इथली अन्नसाखळी चालते. लांबचं दिसत नाही, तेव्हा जवळचं बघायला शिकावं लागतं, आणि नवख्याने तसंही हातभर अंतरावरचंच बघावं.

जागा

मुरगाव बंदराच्या दक्षिणेला, बोगमाळोसमोर समुद्रात ग्रँड आयलंड आहे. बोगमाळोहून बोटीने अर्धा-पाऊण तास. मांडवीच्या बाजूने, म्हणजे मालीम, नेरूल, सिकेरीकडून निघालात तर तासाभराच्या पुढे. उत्तर गोव्यात राहणारे बरेच जण जवळची जेटी बघून बुकिंग करतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र बोगमाळोच धरावं, समुद्रावरचा वेळ निम्म्यावर येतो.

बेटाभोवती डाइव्हच्या बऱ्याच जागा आहेत आणि त्यांची नावं सगळी इंग्रजी धाटणीची: शेल्टर कोव्ह, सूझीज रेक, उमा गुमा, डेव्ही जोन्स लॉकर. पहिल्यांदा येणाऱ्यांना बहुधा शेल्टर कोव्हला किंवा तशाच आडोशाच्या, उथळ जागी नेतात. सूझीज रेक म्हणजे बुडालेल्या जहाजाचे अवशेष, तळावर विखुरलेले लोखंडी तुकडे आणि त्यांच्यात घर केलेले मासे. या टापूतल्या खडकांवर जुनी जहाजं आदळून फुटत आली आहेत. जवळच्या सुंची रीफवर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचा माल सापडला. त्यात हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दातही होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्याकडे येणारा हस्तिदंत कोणत्या वाटेने येत होता, ते तळाने असं जपून ठेवलं. बोट बेटाकडे जाताना हे आठवलं की समोरचं साधं पाणी वेगळं दिसू लागतं.

बोट आणि माणसं निवडताना

किनाऱ्यावर फिरणाऱ्या एजंटाकडून स्कूबा विकत घेऊ नका. तो बोटीवर नसतो. फोन करायचा तो थेट डाइव्ह सेंटरला, आणि फोनवर पुढचे प्रश्न न लाजता विचारायचे.

पहिला प्रश्न, पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? एक किंवा फार तर दोन, हे उत्तर हवं. दुसरा, इन्स्ट्रक्टरकडे पॅडी किंवा एसएसआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांपैकी एकीचं प्रमाणपत्र आहे का आणि त्याचा क्रमांक काय? पॅडीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. राग आला तर तेच उत्तर समजा. तिसरा, बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का आणि तो वापरता येणारा माणूस सोबत असतो का? चौथा, उतरण्याआधी किती वेळ शिकवणार, आणि कुठे? तलावात किंवा कमरेइतक्या शांत पाण्यात सराव करून घेत असतील तर उत्तम. पाचवा, पाण्याखाली किती वेळ? पंचवीस-तीस मिनिटं म्हणतील तर ते शिकवून नेणार आहेत असं धरायला हरकत नाही. यासाठी फलकावरच्या पॅकेजच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात. ते शिकवणाऱ्या माणसाचे, त्याच्या वेळेचे आणि नीट ठेवलेल्या साहित्याचे पैसे आहेत, त्यात घासाघीस करू नये असं मला वाटतं.

आठ-दहा जणांचं कुटुंब किंवा मित्रमंडळी असतील तर पूर्ण बोट भाड्याने घ्यायचा विचार करा. वेळापत्रक आपल्या हातात राहतं, कुणाच्या संगीताचा त्रास नाही, आणि आजी-आजोबांनाही सोबत नेता येतं. बोट बघायला आदल्या दिवशी जेटीवर जा. सावलीला छप्पर हवं, पाण्यातून वर यायला पक्की शिडी हवी (दोरीची नको; पाठीवर सिलिंडर घेऊन दोरीच्या शिडीवर चढणं नवख्याचं काम नाही), माणसांइतकी लाइफ जॅकेटं हवीत आणि बाया बरोबर असतील तर शौचालयाचं आधी विचारून घ्या. बोटीला बंदर कप्तान खात्याचा परवाना आणि धंद्याला पर्यटन खात्याची नोंदणी, दोन्ही असतात. कागद दाखवायला सांगणं हा उद्धटपणा नाही.

ठरवताना तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुख खलाशाशी, दोन शब्द बोलाच. वारा कुठून आहे, उद्या कसं राहील, हे तो आकाशाकडे बघून सांगतो तेव्हा ऐकावं. "उद्या नको, परवा या" असं त्याने म्हटलं तर ते सर्वात मोलाचं. पैसे परत मिळणार का, हे बुकिंग करतानाच विचारलेलं असलं की तेव्हा वाद होत नाही.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या रात्री दारू नको. गोव्यात हे सांगणं कठीण आहे, तरी सांगतो. दारूने शरीर कोरडं पडतं आणि पाण्याखाली शुद्ध, सावध डोकं लागतं. बोटीवर जाताना बिअर वाटणारी सहल असेल तर डाइव्ह आटोपेपर्यंत कॅनला हात लावू नका, आणि इन्स्ट्रक्टरच पीत बसलेला दिसला तर पाण्यात उतरूच नका.

सकाळी उपाशी निघू नये. पोळी-भाजी, केळं, पाव-आम्लेट असं हलकं काहीतरी निघण्याआधी तासभर खावं. तेलकट मिरची-भजी आणि दुधाचा मोठा पेला टाळा. बोट लागणाऱ्यांनी ॲव्होमिनसारखी गोळी घ्यावी की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारावं, कारण तिने झोप येते आणि झोपाळलेलं डाइव्ह करणं बरं नाही. पुष्कळांना आल्याचा तुकडा पुरतो. बोटीत मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, डिझेलच्या धुरापासून दूर, नजर क्षितिजावर. फोनकडे बघत बसलेला माणूस सर्वात आधी ओकतो. ओकारी आलीच तर वारा ज्या बाजूला वाहतो आहे त्या बाजूच्या काठावर जा आणि मोकळे व्हा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खलाशांनी रोज पाहिलेलं असतं.

सोबत टॉवेल, कोरडे कपडे, टोपी, पिण्याचं पाणी, आणि चष्मा असणाऱ्यांनी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स लावत नसाल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा. मिशी असणाऱ्यांनी नाकाखालची कड थोडी कापून घ्यावी किंवा तिथे व्हॅसलीन लावावं, नाहीतर मास्कमध्ये पाणी झिरपत राहतं. केस लांब असतील तर घट्ट वेणी. मास्कच्या कडेखाली एक बट अडकली तरी पुरते.

बोटीवरचा धडा

नांगर पडला की इन्स्ट्रक्टर साहित्य समोर मांडतो. पाठीवर सिलिंडर, त्यात साधी हवा भरलेली असते, निव्वळ ऑक्सिजन नव्हे. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार. जॅकेटसारखं दिसतं ते बीसीडी, त्यात हवा भरली की तरंगायचं, सोडली की बुडायचं. तोंडात धरतो तो रेग्युलेटर. त्याच्यासारखाच दुसरा, पिवळा, अडचणीत जोडीदाराला द्यायला. कमरेला शिशाची वजनं. आकड्यांचा गेज इन्स्ट्रक्टर बघतोच, पण तुम्हीही बघायला शिका. ५० बार उरले की वर आलेलं असायला हवं, एवढं लक्षात ठेवा.

आता तीन गोष्टी. सगळ्या दिवसात नीट शिकायच्या त्या ह्याच.

पहिली, श्वास. तोंडाने, संथ, खोल, अखंड. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून घेतलेली हवा वरपर्यंत तशीच कोंडून आणली तर ती दुप्पट फुगायला बघते, आणि फुप्फुस फुग्यासारखं ताणत नाही. श्वास चालू असला की ती जादा हवा आपोआप बाहेर पडते. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं बोटीवर बसूनच पाच मिनिटं करा. रेग्युलेटरमधून पहिला श्वास घेताना छातीत थोडी धडधड होते, पंधरा-वीस श्वासांत ती उतरते.

दुसरी, कान. घाट उतरताना कानाला दडे बसतात, तेच इथे फार लवकर होतं, पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारल्यासारखं करायचं, कानात टप् असा आवाज येतो. काहींना आवंढा गिळून किंवा जबडा हलवूनही जमतं. हे दुखण्याआधी करायचं, अगदी पृष्ठभागापासून, दर अर्ध्या मीटरला. दुखायला लागलं तर थांबायचं, अर्धा-एक मीटर वर यायचं, पुन्हा करून बघायचं. जोर लावायचा नाही. जोराने फुंकल्यावर आतला कान दुखावतो. आणि जमलंच नाही तर त्या दिवशी वर यायचं. मी पाहिलेल्या फसलेल्या पहिल्या डाइव्ह बहुतेक कानामुळे फसल्या, आणि त्यातल्या बऱ्याच थोडा वेळ दिला असता तर साधल्या असत्या. सांगलीच्या एका काकूंना इन्स्ट्रक्टर नांगराच्या दोरापाशी कितीतरी वेळ घेऊन थांबला होता. "काकू, घाई नाय हां, तुमचा कान सांगेल तेव्हाच खाली," असं तो दर थोड्या वेळाने वर येऊन म्हणायचा. शेवटी त्या त्यांच्या मुलाहून जास्त वेळ खाली राहून आल्या.

तिसरी, मास्क आणि रेग्युलेटर. मास्कमध्ये पाणी आलं तर मान थोडी वर करायची, मास्कची वरची कड कपाळाला दाबायची आणि नाकाने बाहेर फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर परत तोंडात घालायचा, आधी जोराने फुंकायचं आणि मगच श्वास घ्यायचा. हे दोन्ही उथळ पाण्यात दोन-तीनदा करून बघितल्याशिवाय खोल जाऊ नका. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्याने विसळली की धुकं धरत नाही, हा जुनाच उपाय अजून चालतो.

खुणा बोलून पक्क्या करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे "वर जायचं". आपण जमिनीवर तो "छान" म्हणून दाखवतो, आणि खाली मासे बघून खूश झालेला माणूस अंगठा दाखवतो, तर इन्स्ट्रक्टर त्याला घेऊन वर निघतो. हात आडवा धरून डुलवला म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. त्यानंतर बोट कानाकडे, मास्ककडे, जिथे त्रास असेल तिकडे.

पाण्यात

बोटीच्या काठावर पाठ समुद्राकडे करून बसायचं, एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर दाबून धरायचं आणि मागे झोकून द्यायचं. भीती वाटत असेल तर शिडीने उतरा, तसं सांगितलं की करू देतात. आधी पृष्ठभागावर तरंगा, तोंड पाण्यात घालून रेग्युलेटरमधून श्वास घ्या. इथे जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या. मग नांगराच्या दोराला धरून, पाय खाली, एकेक वीत.

पहिल्या अनुभवाच्या डाइव्हला नियमाने बारा मीटरपर्यंत जाता येतं, पण गोव्यात पाच-आठ मीटर भरपूर झाले. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून हात पुढे केला की अंदाज चुकतो. लाल रंग सर्वात आधी जातो, सगळं निळं-हिरवं दिसतं; टॉर्च टाकला की तोच खडक अचानक केशरी-जांभळा. आवाज कोणत्या दिशेने आला ते कळत नाही, त्यामुळे बोटीच्या इंजिनाचा आवाज डोक्यावरच आहे असं वाटतं. तो बहुधा दूर असतो. पाणी कोमट, २६-२९ अंशांचं असलं तरी अर्ध्या तासात थंडी वाजते, म्हणून वेटसूट.

हात छातीशी जुळवून ठेवा. इन्स्ट्रक्टर तुमची उंची सांभाळतो, तुम्ही फक्त श्वास आणि डोळे सांभाळायचे. ताटात ओळखीचे असलेले मासे इथे जिवंत भेटतात: खडकाच्या कपारीतून बाहेर बघणारं हेकरू, थव्याने फिरणाऱ्या तांबोशी. पोपटमासे खडक कुरतडताना कुरकुर ऐकू येते. सी-अर्चिनचे काळे काटे, कपारीत तोंड उघडझाप करणारा मोरे ईल; तो चिडलेला नसतो, तसाच श्वास घेतो. लायनफिश पंख पसरून इतकी सावकाश फिरते की हात लावावासा वाटतो. तिच्या काट्यांत विष असतं, आणि दगडासारखी पडून राहणारी स्टोनफिश तर दिसतही नाही. म्हणून कशालाच हात लावू नका, तळावर गुडघे टेकू नका. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

प्रवाळाला हात न लावण्याचं कारण आणखी मोठं आहे. ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ आहेत, फार वाढलेले नाहीत, आणि गाळ, नांगर, माणसं यांच्यात कसेबसे तग धरून आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्याच बरोबरीचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पायात घातलेल्या फिनचा एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडतो. शंख, प्रवाळाचा तुकडा काहीही बॅगेत टाकून आणू नका; आणि नांगर खडकावर न टाकता वाळूत टाका, असं तांडेलाला आपण गिऱ्हाईक म्हणून सांगू शकतो. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो ऐकतो.

धडधड वाढली, नको वाटलं, तर आधी थांबा, दोर किंवा इन्स्ट्रक्टरचा हात धरा, तीन लांब श्वास बाहेर सोडा. तरी नको वाटलं तर अंगठा वर. कारण द्यावं लागत नाही, आणि पैसे भरले म्हणून कुणी खाली राहायची गरज नाही.

वर येताना आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, मिनिटाला नऊ मीटरहून सावकाश. श्वास चालू, नजर वर. वर आलात की आधी बीसीडीत हवा, मग रेग्युलेटर काढायचा, आणि शिडीपाशी आल्यावर वजनं आणि फिन्स खलाशाच्या हातात द्यायची.

परत आल्यावर

भरपूर पाणी प्या, कोरडे व्हा. जेवण आता, आणि पुन्हा पाण्यात उतरायचं नसेल तर बिअरही. दुसरी डाइव्ह करायची असेल तर मध्ये तासभर तरी बोटीवर जातो, तेवढ्यात स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना उतरू द्या. मास्कमध्ये नाकातून थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, दाबाने बारीक केशवाहिनी फुटते. कान मात्र दुसऱ्या दिवशीही दुखत किंवा बंद असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, तोवर पुन्हा पाण्यात नाही आणि कानात काडी तर नाहीच.

मग परतीचा प्रवास, आणि इथे आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे धरू शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्यास १८ तास विमानात बसायचं नाही, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचं मार्गदर्शन आहे. दाबोळीहून असो की मोपाहून, संध्याकाळचं तिकीट असलेल्या दिवशी सकाळी डाइव्ह ठेवू नका. हे विमानाचं बऱ्याच सेंटरवर सांगतात, घाटाचं सांगत नाहीत. हाच विचार साधारण सहाशे मीटरच्या पुढच्या उंचीला लागू होतो, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. चोर्ल्याची वाट त्याहून उंच जाते, आणि बेळगाव शहरच साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे गाडीने परतणाऱ्यांनी डाइव्हच्या दिवशी गोव्यातच मुक्काम करावा. सहा मीटरच्या एका उथळ डाइव्हनंतर धोका फार थोडा असतो हे खरं, पण एका रात्रीच्या मुक्कामात तोही राहत नाही. कोकणातून मुंबईला जाणाऱ्या महामार्गावर एवढी उंची लागत नाही.

त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांध्यांत दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, अवाजवी थकवा असं काही जाणवलं तर प्रवास थांबवा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की काल स्कूबा केला होता. सेंटरलाही कळवा, प्रेशर चेंबर (या बुडबुड्यांवर उपचार होतात ती दाबाची खोली) कुठे आहे हे त्यांना ठाऊक असायला हवं, आणि बुकिंग करताना ते विचारून ठेवलेलं बरं. समुद्रावर काही झालं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

पहिल्या डाइव्हनंतर ओढ लागली तर पुढची पायरी ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवसांचा, १८ मीटरपर्यंतचा, आणि प्रमाणपत्र कायमचं. गोव्यात होतो, मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या केंद्रातही शिकवतात. तो करून झाला की मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट जवळ आहे, तिथे पाणी गोव्यापेक्षा बरंच स्वच्छ मिळतं. कोर्ससाठी नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडून द्या. तेव्हा बोटी भरलेल्या असतात आणि शिकवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जानेवारीतला एखादा भांगाचा आठवडा बघा, आणि दिवाळीतच फोन करून जागा सांगून ठेवा.